शेडमधला कान

मुळीकांच्या पोल्ट्रीत कंपनीने बसवलेला कान पहिल्या बॅचला बशीएवढा होता. दुसऱ्या बॅचची पिल्लं उतरली तेव्हा तो सुपाएवढा झाला होता, आणि त्याची पाळी लोंबत शालनच्या खांद्यापर्यंत आली होती. शेडच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीशेजारी तो होता. हात लावला तर कोमट लागायचा. सकाळी गार वारं सुटलं की त्याची कड लाल व्हायची, माणसाची होते तशी.

तो बसवायला सुपरवायझर इनामदार स्वतः आला होता. कंपनीची पिल्लं, कंपनीचं खाद्य आणि कंपनीचा माणूस असा तो दर आठवड्याला मोटारसायकलवरून यायचा, मेलेले पक्षी मोजायचा, चहा घ्यायचा आणि पुढच्या फार्मवर जायचा. त्या दिवशी त्याने खोक्यातून कान काढला, मागच्या बाजूला ओला चुना लावावा तसं काहीतरी लावलं आणि भिंतीवर दाबून धरला.

"कोंबडी बोलत असते, वहिनी," तो शालनला म्हणाला. "आपल्याला कळत नाही एवढंच. उकडलं की एक आवाज, तहान लागली की दुसरा, छातीत घरघर सुरू झाली की तिसराच. हा ते ऐकणार आणि दादांच्या फोनवर सांगणार."

"आणि आमचं ऐकलं तर?"

"तुमचं कशाला ऐकेल? त्याला कोंबडीचं शिकवलंय."

कान कामाचा निघाला, हे शालनलाही कबूल करावं लागलं. तिच्या नवऱ्याच्या, हिंदुरावांच्या फोनवर एकच शब्द यायचा. बहुतेक वेळा 'सुख'. दुपारी पत्रा तापला की 'उष्मा', मग ते धावत जाऊन पाण्याचा बारीक फवारा मारणारे फॉगर सोडायचे. एकदा 'सर्दी' असं आलं तेव्हा शेडमधला एकही पक्षी आजारल्यासारखा डोळे मिटून बसलेला नव्हता. तरी त्यांनी पाण्यातून औषध दिलं. शेजारच्या दोन्ही फार्मवर त्या हवेत पक्षी पटापट मेले, मुळीकांकडे मरतूक झाली नाही. हिंदुराव येता-जाता कानाच्या पाळीला दोन बोटं लावून नमस्कार केल्यासारखं करू लागले.

हिंदुरावांचा आवाज मोठा. शेडच्या दारातून त्यांनी हाक मारली की रस्त्याने जाणारा माणूस सायकलवरून उतरायचा. लग्नात शालनच्या मामांनी विचारलं होतं, जावई तमाशात होते का म्हणून.

आवाज जायला लागले ते दुसऱ्या बॅचमध्ये. शेडच्या दारात शालनच्या हातून खाद्याची बादली निसटली, सिमेंटवर आपटली, उडाली, लवंडली, आणि आवाज झाला नाही. तिने बादली उचलली, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा मुद्दाम टाकली. बादली आपटली. कानाची पाळी जरा हलली.

मग बोअरची मोटर मुकी झाली. पाणी येत होतं, मोटरही थरथरत होती, पण हात लावल्याशिवाय ती चालू आहे हे कळत नव्हतं. मग लोखंडी फाटक. मग अंगणात येणाऱ्या मोटारसायकली. कागदावर तेल पसरावं तशी शांतता शेडपासून चहूकडे पसरत गेली. शेडच्या आत मात्र पक्ष्यांचा कलकलाट तसाच होता. उलट जास्त गोड झाला होता, कारण त्यांना दचकवणारं बाहेर काही उरलंच नव्हतं. फोनवर 'सुख' यायचं. दिवसभर तेच. पक्षी असे भरले की इनामदार वजनकाटा दोनदा तपासून बघायचा.

"अगं, पाखरं कशी गपगुमान खात्यात बघ की," हिंदुराव म्हणाले. घरात ऐकू आलेलं त्यांचं ते शेवटचं वाक्य. त्या दिवशी शांतता ओसरीवर चढली होती. जेवताना त्यांनी आमटी मागितली ती ओठांवरूनच तिला कळली. कुकरची शिट्टी नुसतीच वर-खाली झाली, वाफ गेली. शालनने आपल्या छातीवर हात ठेवून हिंदुरावांना हाक मारून पाहिली. छातीत हाक उठलेली हाताला कळली. पुढे ती कुठे गेली ते कळलं नाही.

माणसाला सवय होते. बोलायचं असलं की दोघं बांधापर्यंत चालत जायची, कारण बांधाच्या पलीकडे आवाज होता. पुढे बांधही गेला, तेव्हा विहिरीपाशी जावं लागे. भांडण घरात सुरू झालं तर ते तोंडात तसंच धरून विहिरीपर्यंत न्यायचं, आणि तिथे पोचेपर्यंत अर्ध्याहून जास्त विरलेलं असायचं. हिंदुरावांना हे बरं वाटत होतं. "संसार कसा थंड झालाय," ते विहिरीच्या काठावर उभे राहून म्हणाले. शालनला मात्र त्यांचा आवाज ऐकून धस्स झालं. त्यात काहीतरी कमी होतं. कढईतून अर्धं तेल कोणी काढून घ्यावं तसं.

विहीर गेल्यावर बोलायची जागा डांबरी रस्त्याच्या फाट्यावर आली. तिथेच एसटी थांबायची, आणि तिथेच एका सकाळी ऋतुजा उतरली.

ऋतुजा ही त्यांची एकुलती लेक. इस्लामपुराकडे दिली होती. दिवस भरत आले होते आणि पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आली होती. फाट्यापासून ती सासूच्या टीव्हीबद्दल सांगत निघाली. "आई, तो बंदच करत न्हाईत गं. जेवताना चालू, झोपताना चालू, आणि मामंजी वर म्हणत्यात की..." एवढं बोलून तिचा आवाज गेला. ती थांबली, घशाला हात लावला, एक पाऊल मागे आली. "...की आवाज वाढव!" म्हणाली, आणि पुन्हा पुढे गेली. मग तिला हसू फुटलं. लेक पोट धरून खदाखदा हसतेय आणि ऐकू काहीच येत नाही, हे शालनला बघवेना. ती पुढे चालू लागली.

घरी ऋतुजाला झोप लागू लागली. गालांवर रंग आला. पण शालनच्या मनाने एक गोष्ट धरली होती, आणि ती सुटत नव्हती. तिने लेकीला आणि नवऱ्याला फाट्यावर नेलं.

"पलूसच्या मावशीकडं जा, ऋतू. बाळंतपण तिथं होऊ दे."

"का गं? मला इथं झोप लागतीय."

"मूल जन्मलं की रडलं पाहिजे."

"रडंल की."

"कुठं रडंल? त्या घरात?"

हिंदुराव मध्ये पडले. "एवढी बॅच जाऊ दे. पक्षी गेले की कान काढायला सांगतो इनामदाराला. अजून वेळ हाय तिला."

इनामदार त्याच वेळी मोटारसायकल ढकलत शेतातून येत होता. इंजिन चालू आहे की बंद हे कळत नाही, म्हणून तो हल्ली फाट्यापर्यंत ढकलतच आणायचा. त्याला विचारलं तर तो हेल्मेट काढून उभा राहिला.

"काढता नाही येणार आता. कानाबरोबर भिंत येईल, भिंतीबरोबर पत्रा. मळ साठला असेल, दादा. कोमट तेल घालून साफ करा. कधी कधी त्याने फरक पडतो."

"कुठं पडला फरक?" शालनने विचारलं.

"पडतो म्हणतात," इनामदार म्हणाला, आणि त्याने हेल्मेट घातलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शालनने तेल कोमट केलं, काठीला फडकं गुंडाळलं आणि शेडमध्ये खुर्ची मांडली. खुर्चीवर चढल्यावर कान आपणहून तिच्याकडे झुकला. त्याच्या भोकात आता पाटी बसली असती. तिने तेल सोडलं, काठी फिरवली. हरभऱ्याएवढा पिवळा-तपकिरी खडा बाहेर आला आणि तिच्या तळव्यावर पडला. तो गरम होता. त्याच्या आत काहीतरी कापत होतं, अंड्यातून निघायच्या आधी पिल्लू करतं तसं. तिने तो दोन बोटांत धरून चिरडला.

कुकरची शिट्टी वाजली. पूर्ण, लांब, कान फाटेल अशी.

शेडमधले सगळे पक्षी एकदम उठले. पांढरी चादर कोणी एका टोकाला ओढावी तसे ते पलीकडच्या कोपऱ्यात गेले आणि एकमेकांवर चढू लागले. खालच्यांवर मधले, मधल्यांवर वरचे. शालन खुर्चीवरून उडी मारून धावली. हिंदुराव दारातून धावत आले, फोन हातात, त्यावर 'भय'. दोघांनी हातांनी पक्षी उपसले, मागे फेकले, पुन्हा उपसले. तळाचे पक्षी चपटे आणि गरम होते. डोळे उघडे होते. हिंदुरावांनी ते पोत्यांत भरले, मग हात न धुताच शालनचं मनगट धरलं आणि तिला फाट्यावर नेलं.

"पुन्हा त्या कानात हात घालायचा न्हाई."

"कुकर वाजला."

"वाजू दे. पाखरं किती गेली बघितलंस?"

"अहो, आत हायेत सगळे. आवाज. आत जपून ठेवलेत त्यानं."

"असू देत," हिंदुराव म्हणाले. त्यांचा आवाज आता एवढा बारीक झाला होता की रस्त्यावरून ट्रक गेला तेव्हा तिला त्यांच्या तोंडाकडे बघावं लागलं. त्यांना ते जाणवलेलं दिसलं नाही.

संध्याकाळी भात लावला तर कुकरने खरोखरच शिट्टी दिली. त्या मुक्या घरात ती एकटीच शिट्टी. ऋतुजाच्या हातून ताट पडलं, आवाज न करता. शालनच्या ध्यानात आलं की कानातून एकदा काढलेला आवाज तो परत घेत नाही. आणि शिट्टी झाली की शेडमध्ये पक्षी उसळतात, हेही ध्यानात आलं. हिंदुरावांनी कुकरची शिट्टी उपटून खिशात टाकली. तेव्हापासून भात पातेल्यात शिजू लागला.

त्याच आठवड्यात कान भिंतीतून आरपार आला. आतली बाजू पक्ष्यांकडे होतीच, आता एक पाळी बाहेर निघाली आणि घराच्या दिशेने वळली. दुपारी तिची सावली ओसरीवर पडायची. फोनवर आता दोन ओळी येऊ लागल्या. 'शेड: सुख. घर: तहान.' हिंदुरावांनी पाण्याचा तांब्या नेला तर ऋतुजाला खरंच तहान लागलेली होती. त्यांनी फोन बायकोसमोर धरला आणि भुवया उंचावल्या, बघ म्हणून. दोन दिवसांनी तीन ओळी आल्या. 'शेड: सुख. घर: सुख. पोट: सुख.'

शालनने फोन त्यांच्या हातातून घेतला आणि कणगीच्या मागे ठेवून दिला. तो तिथेही उजळत राहिला.

म्हणजे कान बाळाला आधीच ऐकत होता. तिने लेकीची बॅग भरली. ओठ मोठे हलवून, उद्या पलूस, असं सांगितलं. ऋतुजाने आईचं तोंड बघितलं आणि पहिल्यांदाच वाद न घालता मान हलवली. सावली ओसरीवर पडू लागल्यापासून तिचीही झोप उडाली होती. ती पोटावर दोन्ही हात झाकणासारखे ठेवून बसायची, सावलीकडे पाठ करून.

सकाळी एसटीच्या वेळेला दोघी निघाल्या. ऋतुजा चपला घालत होती तेवढ्यात हिंदुराव कणगीमागचा फोन घेऊन बाहेर आले. त्यावर एक शब्द होता, कंपनीने कधीच न शिकवलेला. 'कळ.'

ऋतुजाने तो वाचला, आणि मग तिला कळ आली.

हिंदुराव गाडी आणायला मोटारसायकलवर गेले. फाटाही आता मुका झाला होता, अँब्युलन्सला फोन करायचा तरी त्याच्या पुढे जावं लागणार होतं. जाताना त्यांनी वस्तीवरून आरोग्य केंद्राच्या आशाताईला पाठवलं. सिंधू वायदंडे नाव तिचं. गावातली बहुतेक मुलं तिच्या डोळ्यांसमोर जन्मलेली. ती दारात आली, काहीतरी बोलली, स्वतःचं बोलणं ऐकू न आल्याने क्षणभर गोंधळली, मग पदर खोचून कामाला लागली. पाणी कधी उकळलं ते बघून ठरवावं लागत होतं. ऋतुजा ओरडत होती. मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणल्या होत्या, तोंड पूर्ण उघडं, आणि खोलीत देवळात असावी तशी शांतता. शालनने लेकीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ओरडणं तिला मांडीतून कळत होतं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा मुलगी झाली. गाडी आली नव्हती.

बाळाने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. सिंधूताईने नाक-तोंड पुसलं, पालथं धरलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. तिचे ओठ हलत होते. रड गं. रड गं बाई. बाळाच्या ओठांवर निळसर छटा येऊ लागली. तोंडात काही अडकल्यासारखं दिसत नव्हतं, आतून काहीतरी काढून घेतल्यासारखं होतं. बाहेर यायच्या आधीच त्याचं रडणं गेलं होतं. सिंधूताईने मान वर करून शालनकडे पाहिलं.

फाट्याच्या पुढे, आवाज होता तिथपर्यंत बाळ टिकणार नव्हतं. शेड अंगणाच्या पलीकडे होती.

शालन धावत आत शिरली आणि दारातच थबकली. शेडमध्ये आवाज नव्हता. सगळे पक्षी उभे होते, माना वर करून, कानाकडे तोंड करून. ती त्यांच्यातून वाट काढत गेली. ते बाजूला झाले नाहीत, तिला पायांनी सरकवावे लागले. तिने खुर्ची घेतली नाही, कान आता तेवढा खाली आला होता. तिने बाही सारली आणि हात आत घातला. कोपरापर्यंत. मग खांद्यापर्यंत.

आत ऊब होती आणि गर्दी होती. बादलीचा आवाज बोटांना लागला, थंड आणि कडा असलेला. मोटरचा आवाज लांब होता, दोरीसारखा वेटोळं घालून पडलेला. मग हिंदुरावांची हाक. ती तिने लगेच ओळखली, कलिंगडासारखी जड आणि गोल. तिने तिच्यावर हात ठेवला. ओढली असती तर आली असती. पण त्या हाताला अजून पुढे जायचं होतं. वाटेत काहीतरी मऊ, झिजलेलं, बोटांत बोटं घालू पाहणारं लागलं. ते बहुधा तिचं स्वतःचं बोलणं होतं, पण तिला ओळख पटली नाही.

अगदी खोल, जिथे बोटांची टोकंच पोचत होती, तिथे ओलं काहीतरी हाताला लागलं. पिसं नसलेलं, धडधडणारं. ताजं. तिने त्याच्याभोवती बोटं आवळायला घेतली आणि त्याला लागूनच तसंच दुसरं लागलं. तेवढंच ओलं. तेवढंच धडधडणारं.

बाळ जन्मताना त्या खोलीतून दोन आवाज गेले होते. एक बाळाचं रडणं. एक ऋतुजाचं ओरडणं. दोन्ही एकाच क्षणी, एकमेकांना बिलगून आलेले. शालनने एकाला चाचपलं, मग दुसऱ्याला. लहान कुठलं? दोन्ही सारखीच. कानाचं भोक तिच्या दंडावर आवळायला लागलं होतं. दोन्ही धरायला गेली तर दोन्ही निसटत होती. मुठीत एकच मावत होतं.

तिने एक धरलं आणि हात ओढला.

मागे पक्षी उठले. पंखांचा फडफडाट पाठीवर वाऱ्यासारखा आला आणि कोपऱ्याकडे गेला. तिने वळून पाहिलं नाही. दारात हिंदुराव उभे होते, नुकतेच पोचलेले, त्यांच्या मागे फाटकाशी पांढरी गाडी. त्यांच्या हातातला फोन उजळला होता आणि ते तिच्या खांद्यावरून कोपऱ्यात बघत होते, जिथे पक्षी एकमेकांवर चढत होते. त्यांचे ओठ हलले. पाखरं. मग त्यांना तिची मूठ दिसली. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, फोन खिशात टाकला आणि दार सोडून बाजूला झाले.

अंगण ओलांडताना तिने मूठ पदरात धरली होती. मूठ आधी गरम होती, मग जड झाली, मग हलकी. घरात सिंधूताई बाळाला दोन्ही तळहातांवर घेऊन गुडघ्यांवर बसली होती. बाळाचं तोंड अजून उघडं होतं. पलीकडे ऋतुजाने कोपरांवर भार देऊन मान उचलली होती. तिचंही तोंड उघडंच राहिलं होतं.

शालन खाली बसली. मुठीत आहे ते बाळाचं रडणं की लेकीचं ओरडणं, ते तिला कळेना. सिंधूताईने बाळ वर उचलून तिच्यापुढे धरलं. शालनने मूठ त्या इवल्या ओठांवर टेकवली, डोळे मिटले, आणि आधी करंगळी सोडवली.